आजीच्या आईचं नाव

"आई, तुझ्या आजीच्या आईचं नाव काय?"

सिपूताई दारात उभी होती. पायात चपला तशाच, खांद्यावर पिशवी तशीच. आई आणि मी जमिनीवर बसून करंज्या भरत होतो. ताईचं लग्न तोंडावर आलं होतं आणि मेंदीच्या दिवशी शेजारपाजार सगळा आमच्याकडे जेवायला यायचा होता.

"कशाला गं?" आई हसली. "लग्नाआधीच मुलीचं नाव शोधतेयस की काय?"

"सांग ना."

"माझी आजी मिर्याम. तिच्या आईला सगळे मोठीआई म्हणायचे. नाव..." आईचा चमचा सारणात थांबला. "नाव कुणी घेतच नसे. का?"

"आणि मोठीआईच्या आईचं?"

"अगं, एवढं मागचं कुणाला ठाऊक असतं?"

"त्यांना ते हवंय," ताई म्हणाली आणि चपला न काढता आत येऊन खाटेवर बसली. "लग्न नोंदवायच्या कचेरीतले धर्मगुरू म्हणाले, आधी चौकशी करावी लागेल. तुझी आई, आजी, पणजी, जितकं मागे जाता येईल तितकं. सगळ्या यहुदी होत्या हे पटलं तरच लग्न."

"मग एमिलच्या आजीचं विचारलं का?" मी म्हटलं.

"नाही. एमिल रुमानियाचा. त्याला फक्त वय विचारलं."

आम्ही बेने इस्राएल. पिढ्यान्पिढ्या कोकणात राहिलेले, मराठी बोलणारे यहुदी. आमचे पूर्वज तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे, पण त्या नावात कधी विखार नव्हता. माझे बाबा, शलोम झिराडकर, पेणला मामलेदार कचेरीत कारकून होते. आपला देश झालाय, आपण आपल्या माणसांत जायचं, या एका ओढीने त्यांनी घर विकलं आणि आम्हाला घेऊन ते इस्राएलला आले. दक्षिणेच्या वाळवंटात नुकतंच वसवलेलं एक गाव आमच्या वाट्याला आलं. बाबा खताच्या कारखान्यात पोती शिवायला लागले. ताई आणि मी कापडाच्या गिरणीत. हे सगळं साठ सालानंतरचं. ताई तेव्हा तेवीस वर्षांची होती, मी एकोणीसची.

गिरणीतच एमिल भेटला. यंत्रं दुरुस्त करायचा. उंच, थोडा पोक काढून चालणारा, मनाने सरळ. ताईच्या यंत्राचा धागा कधी तुटला नाही तरी तो तिथे येऊन जायचा. त्याने आईकडून पुरणपोळी खायला शिकून घेतली, बाबांशी बुद्धिबळ खेळला आणि वर्षभराने नीट घरी येऊन मागणी घातली.

गिरणीत सगळेच एमिलसारखे नव्हते. तिथे आम्हाला एक शब्द कायम ऐकू यायचा. काळ्या माणसाला तिथल्या भाषेत कुशी म्हणतात, बाईला कुशित. आम्ही नवीन होतो तेव्हा आई एकदा डबा द्यायला गिरणीत आली. फाटकावरच्या बाईने तिला बघून तो शब्द टाकला. आई घरी येऊन बाबांना कौतुकाने म्हणाली, "अहो, इथल्या बायका मायाळू आहेत, मला बघून 'कुशीत' म्हणाली ती." बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ताईने आईला अर्थ सांगितला नाही. मीही नाही. तो तिला पुढे आपोआप कळला.

चौकशीचं कळल्यावर एमिल त्याच संध्याकाळी धावत आला. वाटेत त्याने उपाय शोधून काढला होता.

"एक बुडी, सिपोरा," तो म्हणाला. "विधीच्या हौदात एक बुडी मारायची. धर्मात नव्याने येणाऱ्यांना आणि ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांना ते करायला सांगतात. मग चौकशी नाही, काही नाही. पाण्यात जायचं आणि बाहेर यायचं. मी विचारून आलोय."

"बाहेर येईल ती कोण असेल?"

"तूच."

"मग आत जाईल ती कोण?"

"तूच," एमिल पुन्हा म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच ते एका बुडीएवढंच वाटत होतं. आई माझ्या कानात पुटपुटली, "मारू दे की बुडी. काय जातंय? अंग ओलं होईल, सुकेल." पण बाबा ताडकन उठून गॅलरीत गेले आणि पाठ करून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी आमच्या दोन खोल्यांत माणसं मावेनात. आमच्यासारखीच चौकशी आणखी दोन-तीन गावांत कुणाकुणाच्या लग्नात निघाली होती, आणि आपली माणसं चिडून एकत्र येत होती. आमच्या गावात त्यांचे पुढारी होते दाविदमामा तळकर. आईचे लांबचे भाऊ. आवाज भरदार, मुंबईला असताना युनियनमध्ये काम केलेले.

"हजारो वर्षं शनिवारचा शब्बाथ पाळला," दाविदमामा म्हणाले. "मुलांची सुंता केली, उपास केले. कोकणच्या किनाऱ्यावर आमच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, पोथ्या बुडाल्या, तरी देव सोडला नाही. आणि हे आज आम्हाला विचारणार, तुम्ही कोण? नाही! बुडी कुणी मारायची नाही."

सगळे हो हो म्हणाले. मग दाविदमामा ताईजवळ आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"निर्णय तुझा आहे, पोरी. पण एवढं लक्षात ठेव, तू पाण्यात पाय ठेवलास की आम्ही सगळे बुडालो."

ताईने एकेका तोंडाकडे बघितलं. शेवटी बाबांकडे. मग म्हणाली, "मी बुडी मारणार नाही."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. दाविदमामांची बायको रेमाबाई, तिने ताईची दृष्ट काढली. "वाघीण आहे आमची," म्हणाली. करंज्या डब्यात होत्याच. त्या सगळ्यांना वाटल्या.

माणसं गेल्यावर ताई कपबशा विसळत होती. मी पुसत होते.

"मिल्का, मी हो म्हणाले असते तर?"

"तर काय?"

"कुणी बोललं असतं माझ्याशी?"

"बाबा बोलले असते."

"बाबांचं तोंड बघितलंस तू?" तिने बशी माझ्या हातात दिली. "एमिल आज संध्याकाळी येईल ना?"

एमिल आला. त्या संध्याकाळीही आला आणि पुढेही कित्येक महिने येत राहिला. पण त्याची आई आता उघड बोलायला लागली होती. आधी रंगाचं मनात ठेवत होती, आता तिला कचेरीचा आधार मिळाला. जिचं काही ठाऊक नाही अशी मुलगी घरात नको, म्हणायची. एमिल आमच्याकडे बसायचा आणि बाबा बुद्धिबळाचा पट काढायचे नाहीत. वल्हांडणाच्या सणानंतर त्याचं येणं थांबलं. उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं, हैफाकडच्या कुठल्याशा मुलीशी. ताईला ते गिरणीतल्या बायकांकडून कळलं.

तोवर ताई सगळ्यांची झाली होती. आपली माणसं यरुशलेमला जाऊन सरकारी कचेऱ्यांसमोर रस्त्यावर बसली, तेव्हा तिला पुढे बसवलं. पांढरी साडी नेसवून, हातात फलक देऊन. तिचा फोटो छापून आला. पेणहून, मुंबईहून माणसांनी शाबासकी कळवली. ती परत आली तेव्हा उन्हाने ओठ फुटले होते. आई तिला तूप लावायला गेली, तर ताई मागे सरकली.

"नको. हात धुवावे लागतील तुला."

आईला वाटलं, थकलीय.

पण हळूहळू ते दिसायला लागलं. ताई आमच्याबरोबर जेवायला बसेना. स्वतःचं एक ताट, एक पेला तिने वेगळा काढला. ते ती स्वतः घासायची आणि खिडकीत पालथं घालायची. पाण्याच्या भांड्याला हात लावायची नाही, मला वाढायला सांगायची. शुक्रवारी संध्याकाळी आई म्हणाली, "सिपू, दिवा तू लाव." लहानपणापासून शब्बाथचा दिवा तीच लावायची.

"मी लावला तर चालेल का?"

"म्हणजे काय?"

"नाही, चालत नसेल तर? तुमचाही वाया जाईल."

"वेडी का तू?" आई ओरडली. ताईने मान खाली घातली आणि शांतपणे म्हणाली, "आई, आपण तेच आहोत हे आपल्याला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? माझ्या आईने सांगितलं, तिला तिच्या आईने."

"आणि तिला? जहाज फुटलं तेव्हा सात बायका वाचल्या म्हणतात. त्या सातांत आपली होती हे कशावरून? कुणी बघितलं?" तिने हे रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "ते लोक उगाच विचारतील का, आई? शिकलेली माणसं आहेत."

दिवा आईने लावला.

ताई गिरणीत जाईना. दिवसभर खाटेच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायची. खाणं कमी होत होत दोन घासांवर आलं. सुरुवातीला बायका यायच्या, रेमाबाई यायची, ताईशी मोठ्याने बोलायच्या. "अगं तो नाही तर दुसरा! आपल्यातली मुलं काय कमी आहेत?" ताई त्यांना म्हणायची, "जवळ बसू नका." मग त्या येईनाशा झाल्या. एक दिवस दाविदमामा बाबांना जिन्यात भेटले आणि हळू आवाजात म्हणाले, "शलोम, पोरीचं बाहेर कुठे बोलू नका. लढा ऐन रंगात आलाय. कचेरीवाल्यांना तेवढंच हवंय. म्हणतील, बघा, हे लोक असलेच, डोक्याने अधू. आपल्या बाकीच्या पोरींची लग्नं व्हायचीत."

बाबांनी मान डोलावली. तेव्हापासून आमचं दार दिवसाही बंद राहायला लागलं.

तरी आई आणि मी चोरून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, गोड बोलायचा. मी त्याला सगळं त्याच्या भाषेत सांगितलं. ताट वेगळं ठेवते, आम्हाला हात लावू देत नाही, म्हणते मी तुम्हाला विटाळेन.

"पण भारतात तुम्ही असं करताच ना?" तो म्हणाला. "एकमेकांच्या हातचं न खाणं? मी वाचलंय."

"काय म्हणतोय?" आईने विचारलं.

"काही नाही. गोळ्या देतोय."

गोळ्यांनी ताई झोपायची. उठली की पुन्हा भिंत.

दिनाबाई आल्या त्या अशा एका दुपारी. आमच्याच इमारतीत तळमजल्याला, टोकाच्या खोलीत त्या एकट्या राहायच्या. तिशी ओलांडलेल्या, विधवा, शाळेत झाडलोट करायच्या. त्याही पेणच्याच. पण आमचं त्यांच्याकडे जाणं-येणं नव्हतं. जिन्यात दिसल्या तर आई "बरं आहे?" म्हणायची आणि पुढे व्हायची. मला कधी त्याचं नवल वाटलं नव्हतं. दिनाबाई 'काळ्यां'पैकी होत्या.

हे सांगायला हवं. आमच्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल अशी दोन घरं होती. रंगाचा काही संबंध नव्हता, रंगाने सगळे सारखेच. मागच्या कुठल्या पिढीत कुणी जातीबाहेरची बायको केली असेल, तर त्यांचे वंशज काळे. त्यांच्याशी सोयरीक नाही. आम्ही गोरे होतो.

मी दार उघडलं तर दिनाबाई भाकऱ्यांचं फडकं आणि वालाच्या बिरड्याचं पातेलं घेऊन उभ्या. आई स्वयंपाकघराच्या दारात आली. हो म्हणावं की नाही, तिला कळेना. दिनाबाई थांबल्या नाहीत. सरळ आत गेल्या आणि खाटेशी जमिनीवर मांडी घालून बसल्या.

"सिपू, भूक लागलीय मला. एकटीला जेवण जात नाही. ये."

"तुम्ही लांब बसा," ताई म्हणाली. "तुम्हाला लागेल."

"काय लागेल?"

"माझं."

दिनाबाईंनी भाकरी मोडली. "अगं, मला काय लागणार तुझं? मी तर आधीचीच आहे."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. कित्येक महिन्यांनी हसत होती. दिनाबाईही हसल्या. "बघ, आहे की नाही सोयीची? माझ्याजवळ बसायला काही अडचण नाही."

ताई खाटेवरून उतरली. खिडकीतलं तिचं ताट घ्यायला निघाली, तर दिनाबाईंनी तिचा हात धरला आणि आपल्याच पातेल्यातून घास पुढे केला. तिने तो खाल्ला. मी आईकडे बघितलं. आईने पदर तोंडात धरला होता.

त्यानंतर दिनाबाई रोज शाळेतून सुटल्या की यायच्या. कधी काही समजावत नसत. तिथे चांगलं काय नि वाईट काय, देव काय म्हणतो, यातलं काही नाही. वाल सोलत बसायच्या, ताईला सोलायला द्यायच्या. पुढे ताईच खाली त्यांच्या खोलीत जायला लागली. केस विंचरू लागली. एकदा तिने त्यांना विचारलेलं मी ऐकलं.

"तुम्ही कसं काढलंत हो, दिनाबाई?"

"काय?"

"हेच. इतकी वर्षं."

दिनाबाईंनी हातातला वाल सोलून टाकला. "लहान होते तेव्हा कळलं नाही," त्या म्हणाल्या. "एका लग्नाला गेले होते. पिवळं परकर-पोलकं घातलं होतं नवं. पंगत बसली तशी मी पण बसले, पुढे, नवरीजवळ. मला नवरी बघायची होती. एका बाईने दंडाला धरून उठवलं आणि विहिरीजवळ नेऊन बसवलं. तिथे आमची पंगत होती. मी रडले तर माझ्या आईने मला मारलं. ती बाई ओरडली म्हणून नाही, मी पुढे बसले म्हणून मारलं. मग मी ठरवलं, बसायचंच नाही कुणाच्या पंगतीला. एवढंच. दुसरं काही केलं नाही मी."

मी वर येऊन आईला हे सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही, मानही वर झाली नाही.

"पिवळं परकर-पोलकं," ती म्हणाली. "हिरव्या काठाचं."

"तुला काय माहीत?"

"माझं लग्न होतं ते. मी नवरी होते, मिल्का. उठवणारी माझी आत्या." तांदळातला एक खडा काढून म्हणाली, "पोर फार रडत होती. माझ्या जेवणावरून लक्ष उडालं. पण नवरीने कसं बोलायचं?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी रेडिओवर बातमी आली. सरकारने जाहीर केलं होतं की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत, त्यांच्यात आणि इतरांत फरक नाही. बाबा कारखान्यातून कपडे न बदलता धावत आले. अंगावर सगळीकडे खताची पांढरी पूड.

"सिपू! सिपू, मान्य केलं त्यांनी! आपण यहुदी आहोत!"

ताई वाटाणे सोलत होती. तिने वर बघितलं.

"म्हणजे कालपर्यंत नव्हतो?"

बाबांचा चेहरा पडला. पण ती उठली, फडक्याने त्यांच्या डोक्यावरची पूड झटकली आणि म्हणाली, "बरं झालं, बाबा." बाबा तिथेच भिंतीला टेकून रडले. तिने त्यांना हात लावला होता.

शब्बाथ संपल्यावर रविवारी संध्याकाळी सिनेगॉगच्या मागच्या खोलीत मलिदा होता. आमच्यात नवस फेडायचा, आनंद करायचा तर एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. नारळ तिथे मिळायचे नाहीत, कुणीतरी हैफाच्या बंदरातून आणले होते. दाविदमामा स्वतः बोलवायला आले. "सिपूशिवाय मलिदा व्हायचा नाही."

"दिनाबाई येणार असतील तर येईन," ताई म्हणाली.

"येऊ दे की. सगळ्यांचाच आनंद आहे."

दिनाबाई नको म्हणत होत्या. ताईने त्यांना हात धरून नेलं. तिने निळी साडी नेसली होती, वेणीत काही माळलं नव्हतं तरी छान दिसत होती. बायकांच्या रांगेत ती बसली, शेजारी दिनाबाई, पलीकडे आई, मग मी. प्रार्थना झाली. दाविदमामांनी ताईचं नाव घेऊन भाषण केलं. माणसं वळून वळून बघत होती.

मग रेमाबाई मलिद्याचं तबक घेऊन रांगेतून निघाली. प्रत्येकीच्या ओंजळीत मूठभर. ताईच्या ओंजळीत तिने दोन मुठी घातल्या, तिच्या गालावरून हात फिरवला. दिनाबाईंनी ओंजळ पुढे केली. रेमाबाई थांबली. तबक तसंच काखेशी धरून तिने मागच्या मुलीला हाक मारली आणि तिच्याकडून एक लहान ताटली घेतली. तीत वेगळा काढलेला मलिदा होता. त्यातला तिने दिनाबाईंच्या ओंजळीत वरून सोडला, हाताला हात लागणार नाही असा.

तिच्या मनात काही वाईट होतं असं मला वाटत नाही. पेणला असंच करायचे. तिने केलं.

ताई उभी राहिली.

"रेमामामी," ती म्हणाली, "यांच्या आजीचं नाव विचारलंत का तुम्ही?"

रेमाबाईला आधी कळलंच नाही.

"काय गं?"

"विचारा ना. आईचं, आजीचं, पणजीचं. जितकं मागे जाता येईल तितकं. विचारल्याशिवाय कसं ठरवलंत?"

"सिपू," पुरुषांच्या बाजूने दाविदमामा म्हणाले. "आज नको, पोरी. आज चांगला दिवस आहे."

"मी बुडी मारली नाही ती तुमच्यासाठी, मामा."

ताई आईकडे वळली. फक्त बघितलं तिने. दिनाबाई खाली मान घालून बसल्या होत्या, मलिदा ओंजळीतच होता. आईला सगळं ठाऊक होतं. पिवळं परकर-पोलकं ठाऊक होतं. एवढंच करायचं होतं, की उठायचं, आणि त्या ओंजळीतला एक घास उचलून तोंडात टाकायचा. मला वाटलं, ती उठतेय. तिने गुडघ्यावर हात टेकला. मग तो हात तिने पदराकडे नेला आणि पदर सारखा केला.

दिनाबाई उठल्या आणि बाहेर गेल्या. ताई त्यांच्यामागे गेली.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यात कुजबुज सुरू झाली. त्या बाईनेच भरवलं पोरीच्या डोक्यात. रोज खाली जाऊन बसायची, आणखी काय होणार? दाविदमामा बाबांना म्हणाले, "थोडे दिवस तिला इकडे येऊ देऊ नका. सिपू शांत होईल." दुपारी दिनाबाई आल्या तेव्हा बाबा दारात उभे राहिले.

"सिपू झोपलीय."

दुसऱ्या दिवशीही ती झोपलेली होती. तिसऱ्या दिवशीही. ताई आतून हाक मारत होती आणि बाबा दार धरून तेच सांगत होते. ताईलाही खाली जाऊ देत नव्हते. मग त्या आल्या नाहीत. महिन्याभरात खोली सोडून त्या भावाकडे समुद्रकाठच्या गावी गेल्या. जाताना निरोप घ्यायला वर आल्या नाहीत.

"दिनाबाई का येत नाहीत?" ताई विचारायची.

"काम असेल त्यांना," आई म्हणायची.

एक दिवस ताईने विचारणं थांबवलं. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "त्यांनाही माझं कळलं असेल."

"काय कळलं असेल? सिपू, तसं नाही गं, बाबांनीच—" मी बोलायला लागले. मी तिला सगळं सांगितलं, बाबा दारात काय म्हणाले ते, शब्दन् शब्द. ती ऐकत होती की नाही, ठाऊक नाही. तिच्यापर्यंत काही पोचलं नाही. जी एक बाई तिला शिवायची ती येईनाशी झाली होती, आणि त्याचं कारण तिला स्वतःतच सापडलं होतं. ते कुणी काढून घेऊ शकलं नाही.

तिने अन्न सोडलं. तिला उत्तरेकडच्या मोठ्या इस्पितळात ठेवलं. तिथल्या परिचारिका नळीने भरवायच्या तेव्हा ती त्यांची माफी मागायची. तुमचे हात खराब होतायत, म्हणायची, मराठीत. त्यांना वाटायचं, दुखतंय म्हणतेय. हिवाळ्यात छातीत कफ साठला आणि दोन दिवसांत ती गेली. पंचवीस वर्षांची होती.

सात दिवसांच्या दुखवट्यात आमचा जिना माणसांनी भरून गेला. सगळ्या घरांतून जेवणं येत होती, ठेवायला जागा नव्हती. दाविदमामा रोज प्रार्थनेला माणसं जमवत होते. रेमाबाई आमची भांडी घासत होती, रडत होती. ते रडणं खोटं नव्हतं. आई जमिनीवरच्या चटईवर बसली होती. तिने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी दिनाबाई आल्या. कुणी कळवलं कोण जाणे. बसच्या प्रवासाने मळलेल्या, हातात काही नाही. माणसांनी भरलेली खोली बघून त्या दारातच थांबल्या. बायका सरकल्या, पण कुणी या म्हणालं नाही. दुखवट्यातल्या माणसाने कुणासाठी उठायचं नसतं. आई उठली.

"आत ये, दिना. माझ्याजवळ बस."

"नको, हन्नाबाई. मी इथे बरी आहे." आणि त्या उंबऱ्याला टेकून खाली बसल्या.

आई माणसांमधून वाट काढत दारापर्यंत गेली आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. अर्धी घरात, अर्धी जिन्यात. मी शेजारच्यांनी आणलेलं उकडलेलं अंडं आणि भाकरी एका ताटलीत घेऊन गेले. आईने ताटली दोघींच्या मध्ये ठेवली. दिनाबाईंनी एक तुकडा मोडून आईपुढे धरला. आईने तोंड उघडलं. मग आईने त्यांना घास दिला. खोलीतलं बोलणं बंद पडलं होतं. कुणीतरी उठून गॅलरीत गेलं.

"त्या दिवशी का नाही उठलात?" दिनाबाईंनी विचारलं. हळू विचारलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

आई त्यांच्याकडे बघत राहिली.

"सगळे बघत होते गं," ती म्हणाली.